पोचलो, काढ केर

ह्यांना घरातून नेलं आणि मी शेजारणीच्या हातातला झाडू हिसकावून घेतला.

"अजून पोचल्याचा फोन नाही आला," मी म्हणाले.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "धक्का बसलाय, पाणी द्या."

त्याला आज महिना झाला.

रडू तेव्हाही आलं नाही, नंतरही नाही. भेटायला येणारे म्हणतात, "वहिनी, एकदा मोकळ्या व्हा." मी त्यांना चहा देते.

झाडूला त्या दिवसापासून हात लावलेला नाही. मी आतल्या खोलीत असले की माझी मुलगी रुपाली गुपचूप केर काढून घेते.

तर, फोनचं काय ते सांगते.

लग्न झालं तेव्हा हे फौजेत ड्रायव्हर होते. पहिली सुट्टी संपवून विंचूरजवळच्या आमच्या गावातून निघाले. मी सवयीने झाडू उचलला तर सासूबाई ओरडल्या, "ठेव तो! आधी पोरगं पोचू दे. केर कुठं पळून नाय चालला!"

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही. आमच्या बौद्ध घरातून नवस, उपास, अंगारे सगळं कधीच गेलं होतं. हे एवढं एक कसं कोण जाणे, राहिलं होतं.

हे चिडवायचे. "बर्फात ट्रक मी चालवतो की तुमचा झाडू?"

पण पोचल्यावर फोन करायचेच.

गावात फोन एकच, किराणा दुकानात. दुकानदार रस्त्यावरूनच आरोळी द्यायचा, "वहिनी, पोचला भाऊ! काढा केर!" तोवर कितीतरी दिवस घरात धूळ. पाहुणे नाक मुरडायचे. आम्ही दोघी ढिम्म.

एकदा वर डोंगरात रस्ता बंद झाला आणि फोन येईना. सासूबाई आणि मी त्या धुळीतच जेवायला बसायचो. शेवटी फोन आला तेव्हा सासूबाईंनी झाडू माझ्या हातात दिलाच नाही. स्वतः केर काढला, आणि काढता काढता रडल्या.

मला तेव्हा हसू आलं होतं.

हवालदार होऊन हे रिटायर झाले, आम्ही नाशिकला आलो. पण माणूस घरी बसणारा नव्हता.

सातपूरला कंपनीची बस चालवली. मग वाइन पार्कात सिक्युरिटी सुपरवायझर. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस वाइनच्या गेटवर उभा! मध्येच कांद्याच्या व्यापारात पडले, आणि जेवढ्या जोरात पडले तेवढ्याच जोरात तिथून पळाले. जयंतीला अख्ख्या कॉलनीचं जेवण हेच बनवायचे, फौजेच्या लंगरात शिकलेलं. दोन माणसांची भाजी मात्र शेवटपर्यंत जमली नाही. पातेलंभर करायचे आणि म्हणायचे, "कुणी आलं तर?"

आणि जिथे जातील तिथून फोन. सातपूर घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी फोन.

"हॅलो. पोचलो. काढ केर."

कट. दुसरं काही बोलायचं नाही.

गेली काही वर्षं पोलीस भरतीच्या मुलींना मैदानावर पळवायचे. मुली 'सर' म्हणायच्या. सरांचा पहिला नियम रनिंगचा नव्हता. घरी पोचलात की काकूंना फोन, हा होता. सकाळभर माझा मोबाइल वाजायचा. "काकू, पोचले."

त्या दिवशी हे मैदानावरून आले. बूट काढायला पायरीवर बसले.

"चहात साखर टाक की जरा," म्हणाले.

मी टाकून आणला, तोवर हे पायरीवरच गेले होते.

बस्स. एवढंच.

काल काजल आली. चांदवडकडची पोर, ह्यांच्या बॅचमधली सगळ्यात हळू. हे तिला 'बैलगाडी' म्हणायचे आणि तिच्यासाठीच मैदानावर सगळ्यात उशिरापर्यंत थांबायचे. तिचं सिलेक्शन झालं. ट्रेनिंगला निघाली होती.

ह्यांच्या फोटोला हात नाही जोडले तिने. कडक सॅल्यूट केला. मग बॅग उचलून गेली.

संध्याकाळी रुपालीने माझ्यासमोरच झाडू घेतला.

"ठेव तो," मी म्हणाले. "काजल पोचू दे."

"आई, उद्या वंदना आहे. भन्तेजी येणार, माणसं येणार."

"केर कुठं पळून नाय चालला."

सासूबाईंचा आवाज माझ्याच तोंडून आला. रुपालीने झाडू दारामागे ठेवला.

आज माणसं जमायला लागली. चटया गुंडाळलेल्याच. फरशीवर पाय उमटत होते. दीर म्हणाले, "वहिनी, बसायचं कुठं?" मी म्हटलं, "थांबा जरा."

आणि फोन वाजला.

"काकू, पोचले मी. समदं बरं हाय इथं." मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"आता सर नाय, म्हणून मीच सांगते काकू. काढा केर."

मी दारामागचा झाडू घेतला. सगळ्यांच्या देखत आतल्या खोलीपासून सुरुवात केली. कुणी माझ्या हातातून घ्यायला आलं नाही. दीर भिंतीकडे सरकून उभे राहिले.

केर काढत मी पायरीपर्यंत आले आणि खाली बसले. ह्यांनी बूट काढले होते तिथेच.

मग रडले. भरपूर रडले. रुपाली शेजारी येऊन बसली, तीही रडली. भन्तेजी आले तेव्हा आम्ही दोघी पायरीवरच होतो. ते बाजूने आत गेले.

अहो, तुमची बैलगाडी पोचली.

तुमचा फोन येणार नाही, हे मला आज कळलं.

तुम्ही पोचलात असं मी धरून चालते. केर काढलाय.

जय भीम.