अण्णारावची राहिलेली घंटा

आमच्या चर्चच्या घंटेची दोरी बाळाबाईच्या हाती आली ती तिच्या सासूकडून. म्हातारीचे खांदे धरले आणि नव्या सुनेला दोरी देऊन ती मोकळी झाली. मैंदर्गीच्या अलीकडे, ओढ्याकाठचं आमचं गाव. ख्रिस्ती घरं थोडी, पण घंटा सगळ्या गावाची. रविवारची पहिली घंटा ऐकून खुरपणाऱ्या बाया न्याहारीला बसत. दुसरी झाली की उपासना सुरू होई.

ही दुसरी घंटा कधीच वेळेवर झाली नाही. बाळाबाईचा नवरा अण्णाराव सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला होता. तिथेच खोली करून राहायचा आणि शनिवारची रात्रपाळी संपवून रविवारी सकाळी फटफटीवरून गावी यायचा. बाळाबाई दोरी धरून ओढ्याच्या पुलाकडे बघत उभी राही. पुलावर धूर दिसला की मग ती दोरी ओढी.

"बाळाबाईची घंटा घड्याळावर न्हाय, अण्णारावच्या फटफटीवर चालती," असं गाव म्हणायचं.

"मग तुमी घड्याळाकडं बगून या की. कोण बोलवलंय?" ती म्हणायची, आणि पदर तोंडाला लावून हसायची.

माणूस गेलं की मात्र घंटा निराळी वाजते. एक ठोका द्यायचा, त्याचा नाद पुरता विरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. ती ऐकून रानातली माणसं हातातलं काम टाकून चर्चकडे येतात. जात-धर्म कुणी पाहत नाही, कोण गेलं एवढंच विचारतात. गावातल्या कितीतरी माणसांना बाळाबाईनं असं वाटेला लावलं. लिंगायतांच्या म्हाताऱ्यांनीही, आमच्या वेळी बाळव्वानं घंटा वाजवावी, असं सांगून ठेवलेलं असे.

मग एका पावसाळ्यात मनोऱ्याचा कोपरा ढासळला, घंटा खाली आली आणि तिला तडा गेला. पोत्याखाली झाकून ती वेदीमागच्या खोलीत ठेवली. दुरुस्तीचं बोलणं चाललं होतं तोवर टाळेबंदी लागली. दुसऱ्या लाटेत अण्णाराव सोलापूरच्या दवाखान्यात गेला आणि तिथंच संपला. पांढरे अंगरखे घातलेल्या माणसांनी त्याला शहरातच पुरलं. बाळाबाईला पुलाच्या पलीकडे कुणी जाऊ दिलं नाही. फोनवर बातमी आली त्या दुपारी तिनं पोतं बाजूला करून त्या तडकलेल्या घंटेवर दगड मारून पाहिला. पातेल्यावर मारल्यासारखा आवाज आला. तिनं पोतं पुन्हा नीट पांघरलं आणि ती घरी गेली. दारात कुणी आलं नाही. येता येत नव्हतं.

पुढे ती सोलापूरला जाऊन आली. दफनभूमीतल्या माणसानं हात करून कबरींची एक रांग दाखवली. "ह्यातलाच कुटला तरी," एवढंच ती आल्यावर बोलली.

यंदा चर्चचं काम निघालं. सिमेंट नको, जुन्यासारखा चुनाच हवा, असं मंडळीनं ठरवलं. बेलफळ आणि गूळ घालून चुना मळला, काळ्या दगडांच्या सांध्यांत भरला. त्याला ओल राहावी म्हणून रोज पाणी मारण्याचं काम बाळाबाईनं आपणहून घेतलं. भिंतीवर पाणी मारताना ती वर मनोऱ्याकडे बघायची. तिथं दोन नव्या घंटा बसणार होत्या: मोठी उपासनेची, धाकटी मुलांच्या रविवारच्या शाळेची.

एका सकाळी तिनं पाळकसाहेबांना गाठलं. तरुण माणूस, मनानं चांगला.

"सायेब, मोठी घंटा बसली की आदी आमच्या ह्यांच्यासाटी वाजवू का? राहिलीया त्यांची."

पाळकसाहेब घुटमळले. "मावशी, नव्या घंटेचा पहिला नाद देवाच्या स्तुतीचा असावा. पंचांनी तसंच ठरवलंय. मरणाच्या घंटेनं सुरुवात कशी करायची?"

"व्हय की, बरोबर हाय," ती म्हणाली आणि बादली उचलून दुसऱ्या भिंतीकडे गेली. पुन्हा तिनं हा विषय काढला नाही. पण पाणी मारता मारता मध्येच थांबून, दोरी ओढावी तसे तिचे हात हवेत खाली यायचे, हे मी कट्ट्यावर बसून पाहत असे.

समर्पणाच्या रविवारआधी घंटा बसवायला सोलापूरहून सोमेश नावाचा फिटर आला. दुपारपर्यंत दोन्ही घंटा वर चढल्या. मोठीची दोरी खाली सोडून सोमेश म्हणाला, "आधी सावकाश वाजवून बघतो. लोलक नीट बसलाय का कळंल."

त्यानं एक ठोका दिला. कान लावून नाद विरेपर्यंत थांबला. मग दुसरा दिला.

बाळाबाई त्याच्या शेजारीच उभी होती. असं वाजवायचं नसतं, हे तिनं सांगायला हवं होतं. तिनं बादली खाली ठेवली, डोक्यावरून पदर घेतला आणि गप्प उभी राहिली. मीही बोललो नाही.

थोड्याच वेळात रानातून माणसं येऊ लागली. चिखलाचे पाय, बायांच्या हातात खुरपी. सगळ्यांच्या पुढे सिद्धप्पा, अण्णारावच्या बरोबरीचा शेतकरी, धापा टाकत.

"कोण गेलं? कोण गेलं गा?"

पाळकसाहेब धावत बाहेर आले. "कुणी नाही, कुणी नाही! चाचणी चाललीय. परत जा सगळे."

"चाचणी?" सिद्धप्पा तापला. "अशी चाचणी असती व्हय? ऊस सोडून पळत आलो की मी!"

सोमेश दोरी सोडून बाजूला झाला. तेव्हा बाळाबाई पुढे आली.

"आमचे हे गेले, आप्पा," ती म्हणाली. "अण्णाराव."

अण्णाराव कधी गेला ते सगळ्यांना ठाऊक होतं. सिद्धप्पानं तिच्याकडे पाहिलं, मग वर घंटेकडे. त्यानं डोक्याचा टॉवेल काढला, पायरीखाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून मोठ्यानं रडू लागला. मग एकेक जण येऊन टेकला. बाया बाळाबाईच्या भोवती बसल्या. पाळकसाहेबांनीही चप्पल काढली आणि हळू आवाजात प्रार्थना सुरू केली.

"पुढचं तुमी वाजवा, मावशी," सोमेश म्हणाला. तिनं दोरी हातात घेतली.

दिवस कलता मी तिच्या घरावरून चाललो होतो. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारीपाजारी भाकरी आणतात. सिद्धप्पाची सून रुद्राणी झाकलेली टोपली घेऊन दारात उभी होती. मागं आणखी दोघीतिघी होत्या. आत बाळाबाईची चूल पेटलेली, वर आधण ठेवलेलं. टोपली बघून ती उठली. आधण उतरवलं, चुलीतली लाकडं ओढून पाण्यानं विझवली आणि पाट मांडून बसली.

रुद्राणीनं भाकरीवर पिठलं वाढलं. बाळाबाईनं घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली.

"कसं झालंय, मावशी?"

"मीट कमी हाय," बाळाबाई म्हणाली. "वाढ आनकी."