सगळ्यात मोठा आवाज आधी

आता हसू नका, पण माझ्या नणंदेचं लग्न मी जमण्याआधीच मोडत आणलं होतं. तेही अगदी शास्त्रशुद्ध पद्धतीनं!

मी वायरलेस रिसीव्हर डिझाइन करते. म्हणजे काय, तर चार अँटेनांवर चार सिग्नल एकाच वेळी, एकमेकांत कालवून येतात. ते वेगळे काढायचे. युक्ती सोपी आहे. सगळ्यात जोरदार सिग्नल आधी ओळखायचा, तो कालवणातून वजा करायचा, मग उरलेल्यातला पुढचा. मेख एवढीच, की पहिला चुकला तर पुढचे सगळे चुकतात. हे माझ्याच रिपोर्टात जाड अक्षरांत लिहिलंय!

माझ्या लग्नाला महिना झाला होता. भिसेगावच्या आमच्या घरी रूपालीला, म्हणजे नणंदेला, बघायला खालापूरचे पाहुणे यायचे होते. मुलगा तिला आधीच आवडलेला, त्यामुळे तिचा जीव नुसता टांगणीला. स्वयंपाकघरात मी एकटी. आणि तीन दिशांनी तीन आवाज एकदम!

हॉलमधून सासूबाई, "पोहे भिजव गं, कांदे चिर!"

खोलीतून रूपाली, "वहिनी, मला खायला काढून ठेव, भूक लागलीय!"

मागच्या दारात पाठमोऱ्या पळसदरीच्या आत्याबाई, सासऱ्यांची बहीण. आवाज त्यांच्या गावच्या धरणापलीकडे जाईल असा, "साबुदाण्याची खिचडी कर! कांदा नको, उपास हाय त्यांचा!"

परत विचारू? नव्या सुनेनं? आणि माझ्या डिग्रीचं काय!

सगळ्यात मोठा आवाज आधी. म्हणजे पाहुण्यांचा उपास, त्यांना खिचडी. ती वजा केली. उरले पोहे. ते अर्थात भुकेल्या रूपालीला! बघा, कसं चपखल बसलं!

साबुदाणा अर्धाच तास गार पाण्यात बुडवला आणि फोडणीला टाकला. तो फुगला नाही. रागावला.

पाहुण्यांसमोर बशा गेल्या. सासूबाई रीतीप्रमाणे म्हणाल्या, "सगळं रूपालीनंच केलंय हां." एवढ्यात मुलाच्या वडिलांच्या तोंडात कटकन वाजलं.

"आज काय हाय? एकादशी?" त्यांनी गाल धरून विचारलं.

"तुमचा उपास ना?" मी पुटपुटले.

"आमचा? नाय बा!"

"अगं बया!" आत्याबाई ओरडल्या. "मी फोनवर माझ्या सुनेला सांगत व्हते, रसायनीला! आमचे हे तिकडं गेलेत, त्यांचा उपास हाय!"

मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली. रूपालीकडे पाहिलं. रूपालीच्या डोळ्यांत पाणी.

महिनाभर त्या घरात मी 'हो' आणि 'नाही'च्या पुढे गेले नव्हते. त्या दिवशी गेले. "मी केलंय! रूपालीनं पातेल्याला हातसुद्धा लावला नाही!" आणि मग अँटेना, कालवण, वजाबाकी, सगळं एका दमात सांगून टाकलं.

मुलगा फिसकन हसला. त्याचं बघून त्याची आई. मग सगळा हॉल.

"पोरगी पसंत हाय," डोळे पुसत मुलाची आई म्हणाली. "पण लग्नाला आचारी बाहेरून बघा बाई!"

"बघू की!" सासूबाईंनी छातीवर हात ठेवला. "हिला आमी वायफाय बघायला आणलीय!"