मधला हळू तुकडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि माझी कवळी कुठे ठेवलीय हे तिला माझ्याआधी ठाऊक असतं. तुम्हाला सांगतोय. का, ते मलाही नीट कळत नाही. बसा जरा, मी लगेच मुद्द्यावर येणार नाही.

माझ्याकडे एका इंग्रज माणसाचं मिळेल तेवढं सगळं वाजवणं जमा आहे. ऑर्गन वाजवायचा तो. रॉक म्हणतात त्यातला, पण त्यातही आडवळणाचा – एकच गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू खाणार, शब्द थोडे, वळणं फार. आम्ही त्याला ‘पेटीवाला’ म्हणायचो. त्याचा ग्रुप का फुटला, एकट्यानं काढलेली कुठली रेकॉर्ड आपटली, सगळं मला तोंडपाठ. आता त्याच्या जुन्या टेपा बाहेर निघतात – तालमीच्या, फसलेल्या, कुणीतरी गर्दीत बसून भरून घेतलेल्या. त्याही मी जमवतो. नातू विचारतो, आजोबा, हेच गाणं तुम्ही कितीदा जमवणार?

भोकरदनच्या माणसाला हे वेड लागलं कुठून? गौतममुळे. एवढं मात्र मी जगाला सांगत आलोय, छाती फुगवून. आयुष्यात कुणी मला इतकी मोठी गोष्ट इतक्या सहज दिली नाही. त्यानं ती दिली नसती तर मी सोयाबीनचे भाव ऐकत म्हातारा झालो असतो.

सत्तरचं दशक होतं. आम्ही दोघं जालन्याच्या कॉलेजात एका बाकावर बसायचो, आणि शनिवारी एकाच एसटीनं गावी यायचो. गौतमचे वडील शिक्षक. त्याच्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतलेला. आम्ही पिढीजात शेतीवाले, गावात आमच्या घराला मान. एका शनिवारी एसटीत त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या मांडीवर ठेवलं.

“मामानं मुंबईहून आणल्ती. गोदीत एका खलाशानं दिली म्हणं. तुमच्याकडं मशीन हाय, ऐकू तरी काय हाय ते.”

मशीन म्हणजे दादाच्या लग्नात सासरकडून आलेला रेकॉर्ड प्लेयर. सुटकेससारखा, झाकणातच स्पीकर. गौतमच्या वस्तीत तेव्हा वीज पोचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो आला. ओट्यापाशी थांबला, चपला काढल्या – आणि मी त्याच्या हातातून रेकॉर्ड घेतली. “थांब, मी लावतो,” म्हणालो आणि आत गेलो. खिडकी उघडली. खिडकीतून पाहिलं तर त्यानं चपला परत पायात घातल्या होत्या आणि तो ओट्यावर बसला होता.

एवढंच.

तुम्ही म्हणाल, घरच्यांचा धाक असेल. मीही स्वतःला वर्षानुवर्षं तेच सांगितलं. पण घरच्यांनी मला कधी मनाई केली नव्हती. केली असती का? केलीही असती. मी विचारलंच नाही! विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मग त्या उत्तराचं काहीतरी करावं लागलं असतं. आणि गंमत ऐका – त्याच्या घरी मी सरळ चुलीपाशी जाऊन बसायचो. त्याची आई चहा द्यायची, गरम भाकरी द्यायची, मी खायचो, आणि घरी परतताना मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचो. केवढा सुधारलेला मी!

पुढच्या एका रविवारी त्यानं सहज म्हटलं, “मशीन ओट्यावरच आण की. दोघं बसू.”

म्हणजे भर गल्लीत, त्याच्या मांडीला मांडी लावून. मी म्हणालो, “वायर पुरत न्हाई रे.”

त्याच्या पुढच्या रविवारी तो लाऊडस्पीकरवाल्याकडून वायरचं भेंडोळं मागून घेऊन आला. चेहरा असा खुललेला. “घे. आता पुरंल बराबर.” मी काय म्हणालो? म्हणालो, दादा जोड देऊ देत नाही, शॉक बसतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही – रागानं पाहिलं असतं तर सोपं गेलं असतं. मग ते भेंडोळं नीट गुंडाळून त्यानं मांडीवर ठेवलं. “असू दे. हितूनबी ऐकू येऊन राह्यलं. लाव तू.”

आणि तो येत राहिला. कॉलेज संपेपर्यंत, गावी असला की दर रविवारी. तो ओट्यावर, मी आत, मधे खिडकीचे गज.

आता त्या गाण्याच्या मध्यावर एक हळू तुकडा आहे. ढोल थांबतात, गिटार थांबते, एकटी पेटी उरते, तीही अगदी दबक्या आवाजात. आमच्या समोरच पिठाची गिरणी. तिच्या इंजिनाच्या ठकठकीत तो तुकडा बाहेर पोचायचाच नाही. गौतम गजाला कान लावायचा. गाणं संपलं की विचारायचा, “मधी ते हळू होतं ना, तिथं काय वाजवून राह्यला तो?” मी सांगायचो, काही नाही, नुसती पेटी.

नुसती पेटी नव्हती. त्या तुकड्यात वाजवता वाजवता तो माणूस गुणगुणतो. स्वतःशीच. स्वयंपाक करताना बाई गुणगुणते तसं. मला दर वेळी ऐकू यायचं आणि दर वेळी अंगावर काटा यायचा. गौतमला मी ते सांगितलं नाही. का? रेकॉर्ड त्याची, मामा त्याचा, कान माझ्यापेक्षा तयार त्याचे – निदान एवढी एक गोष्ट माझी एकट्याची असावी असं वाटलं मला. भ्याडपणा एक वेळ समजू शकतो, पण याला काय म्हणायचं?

त्याच दशकाच्या शेवटी गौतम इंजिनियर होऊन नाशिकला लागला. पहिल्या पगारात टेपरेकॉर्डर घेतला आणि कुठून तरी त्याच गाण्याची कॅसेट मिळवली. दिवाळीला गावी आला तो थेट आमच्या ओट्यावर. धापा टाकत होता. “आरं, तो गुणगुणतो तिथं! हळू तुकड्यात! तू कधी सांगितलं न्हाईस?”

मी म्हणालो, “खरं की काय? माझ्या कधी ध्यानात आलं न्हाई.”

तो हसला. चोराच्या मनात चांदणं. मला ते हसू अजून दिसतं. तो म्हणाला, “मंग आता ऐक,” आणि पिशवीतून एक कॅसेट काढून माझ्या हातात ठेवली. माझ्यासाठी वेगळी भरून आणलेली.

तेव्हापासून आजवर पेटीवाल्याचं जुनं काही निघालं की गौतम दोन घेतो. एक त्याची, एक माझी. मागच्या महिन्यात तालमीच्या टेपा आल्या. त्यात तो हळू तुकडा स्वतंत्र आहे, आणि गुणगुणणं इतकं जवळून ऐकू येतं की मधे श्वास घेतलेलाही कळतो. फोनवर आम्ही दोघांनी तो एकदमच लावला – तो नाशिकला, मी इथे. दोन म्हातारे फोन कानाशी धरून ऐकत होते. या माणसानं मला काय काय दिलं! तेव्हा तरी त्याला सगळं सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

मशीनची वायर पुरत होती. ओट्यापर्यंत पुरून उरत होती. तो पहिल्यांदा येऊन गेला त्याच संध्याकाळी मी ती अर्ध्यात दुमडली आणि सुतळीनं घट्ट बांधून टेबलामागे ढकलली.