कांदा कापतोय, रडतोय

"करतोय", "येतोय", "निघालोय" या शब्दांवर माझा विश्वास नाही. आंबीच्या एका कारखान्यात मी स्टोअरचा हिशेब बघतो. तिथे एखादं काम "चालू आहे" असं कुणी सांगितलं, की ते सुरू झालेलं नाही एवढं मला कळतं. आम्हाला घरी तांदूळ देणारे टाकव्याचे आबा तर याच्याही पुढचे. फोन केला की म्हणतात, "निगालोय भाऊ, कान्ह्याच्या फाटकापाशी हाय." मागे त्यांच्या गोठ्यातली म्हैस ओरडत असते. तांदूळ दुसऱ्या दिवशी येतो. म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे: जे खरोखर हातात आहे, त्यालाच "चालू आहे" म्हणायचं. बायको याला "तुमचं स्टोअर घरी आणणं" म्हणते.

हा नियम अंगाशी आला तो तुर्की भाषेत.

मुलगी नोकरीसाठी इझमीरला गेली आणि तिथल्या एका मुलाशी तिने लग्न ठरवलं. धर्म, अंतर, खाणंपिणं, लोक काय म्हणतील, यावर आमच्या घरात जे बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं, काही गोष्टी तर दोनदोनदा. आमचा होकार होता. अडलं होतं मुलाच्या आईपाशी. बाई एकट्या, मुलगा एकुलता. मुलगी त्यांना आवडली होती, आम्ही पाठवलेले लोणावळ्याच्या धुक्याचे फोटोही आवडले होते. पण त्यांचं म्हणणं, मला तुर्की सोडून काही येत नाही. नातं जोडायचं आणि जन्मभर एकमेकांकडे बघून नुसतं हसायचं, हे मला जमणार नाही. एकदा व्हिडिओवर भेटते. मुलं मध्ये बसणार नाहीत. मग काय ते सांगते. आणि त्यांनी नाही म्हटलं तर आपण हे लग्न करणार नाही, असं मुलीने आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं.

"बाबा, महिना आहे हातात," ती फोनवर म्हणाली. "एकच काळ शिका. चालू वर्तमानकाळ. त्या भेटल्या की 'काय करताय' असंच विचारतात. जे करताय ते सांगायचं. बास."

"आणि भूतकाळ?"

"भूतकाळ नकोच काढायला, बाबा."

मी शिकायला बसलो आणि खरं सांगायचं तर खूश झालो. इतका शिस्तीचा काळ मी पाहिला नव्हता. धातू घ्यायचा, त्याला एक स्वर जोडायचा, मग 'योर', आणि शेवटी कोण करतंय त्याचं शेपूट. मी असेन तर 'उम', तू असशील तर 'सुन', आदराने तुम्ही म्हणायचं तर 'सुनुझ', तो किंवा ती असेल तर शेपूटच नाही. 'गेल' म्हणजे येणं. गेलियोरुम, मी येतोय. मधला स्वर धातूचा रंग बघून बदलतो: 'ओतुर' म्हणजे बसणं, तिथे 'इ'चा 'उ' होतो आणि ओतुरुयोरुम, मी बसलोय. धातूच्या शेवटी 'आ' किंवा 'ए' असेल तर तो स्वर अंग आखडून घेतो. 'योर' मात्र जागचा हलत नाही. स्टोअरमध्ये असा एक माणूस मिळाला तर मी आणखी काही मागणार नाही.

बायको भाजी निवडत ऐकत होती. "तो करतोय आणि ती करतेय, दोन्ही सारखंच?"

"सारखंच. स्त्रीलिंग-पुल्लिंग भेदच नाही."

"भांडी घासण्यालासुद्धा?"

"कशालाच नाही."

"अरे वा. मग उठा."

मला तिथेच सावध व्हायला हवं होतं. अडचण अशी झाली, की सोफ्यावर बसून "मी भांडी घासतोय" म्हणणं मला जड जायला लागलं. वाक्य बरोबर, पण हकीकत खोटी. पहिल्या संध्याकाळी मी बसलेला असल्यामुळे नुसतं ओतुरुयोरुमच म्हणत राहिलो. पुढे सरकायचं तर उठून काहीतरी करणं भाग होतं. म्हणून मी मोरीपाशी गेलो, हातात घासणी घेतली आणि म्हणालो, "बुलाशिक यिकियोरुम." स्वच्छ, खरं वाक्य. कढई घासून होईपर्यंत तोंडात पक्कं बसलं.

बायकोने हा झरा लगेच ओळखला. रोज सकाळी ती मला क्रियापदं काढून द्यायला लागली.

"झाडण्याला काय म्हणतात हो?"

"सुपुर. सुपुरुयोरुम."

"इथून म्हणत म्हणत गॅलरीपर्यंत जा. आणि पंखे पुसण्याला?"

"ते अजून आलेलं नाही धड्यात."

"शोधा ना. विहीणबाईंनी नेमकं तेच विचारलं तर?"

महिन्याच्या शेवटी आमचं घर इतकं लखलखीत झालं, की शेजारच्या वहिनींनी विचारलं, कुणी येणार आहे का. बायको म्हणाली, "नाही हो, हे तुर्की शिकतायत." वहिनींनी त्यांच्या मिस्टरांसाठी पुस्तकाचं नाव मागितलं.

तो रविवार उजाडला. बायकोने पोहे करायचे ठरवले होते.

"अगं, फोनवरून त्या खाणार कशा?"

"न का खाईनात. पोह्यांशिवाय बघायचा कार्यक्रम असतो का?"

"पण इथे मुलगी बघायची नाहीये. आपल्याला बघायचंय."

"मग तर हवेतच. आणि कांदा तुम्ही कापा. तेवढंच क्रियापद राहिलंय तुमचं."

माझा इस्त्रीचा शर्ट खुर्चीच्या पाठीवर तयार होता. बनियनवर असताना, दुसरा कांदा निम्मा झालेला असताना, ठरलेल्या वेळेच्या बराच आधी फोन वाजला. बायकोने घाईघाईत तो उचलून पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केला आणि स्वतः कॅमेऱ्याच्या बाहेर सरकली. समोर एक गोऱ्या, रुंद चेहऱ्याच्या बाई. केस नीट विंचरलेले, गळ्यात मोत्याची माळ, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

"ने यापियोरसुनुझ?" काय करताय?

"बसलोय म्हणा," बायको फ्रिजमागून कुजबुजली. "चहा पितोय म्हणा. डोळे पुसा आधी!"

पण मी बसलेलो नव्हतो आणि चहाचा पत्ता नव्हता. मी म्हणालो, "आऽलियोरुम." रडतोय.

धडे वाचताना लक्षात आलं नव्हतं, की सांगायचाही एक क्रम असतो. आधी कांदा सांगायला हवा होता. बाईंचा चेहराच बदलला. त्या पुढे झुकल्या. "नेदेन?" का? आणि त्यांचेही डोळे भरून आले. मुलगी लांब जाणार म्हणून बापाला रडू येतंय, असंच त्यांनी धरलं होतं.

बायकोने हाताने खूण केली, राहू दे, राहू दे, छान चाललंय. मला ती खूण कळली. पण पुढची तीस वर्षं या बाईंशी बोलायचं, तर पहिलंच खातं चुकीचं कसं मांडायचं? मी कांदा उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. "सोआन केसियोरुम." कांदा कापतोय.

बाईंनी कांद्याकडे बघितलं, माझ्या बनियनकडे बघितलं. मग उठल्या आणि निघून गेल्या. फोनमध्ये नुसती रिकामी खुर्ची.

"झालं," बायको म्हणाली. "पोरीचं लग्न तुमच्या स्टोअरने मोडलं."

सुरी माझ्या हातात तशीच होती.

मग खुर्ची हलली. बाई परत आल्या, ॲप्रन बांधून. हातात कापायची फळी, सुरी आणि आमच्या कांद्याच्या दुप्पट कांदा. बसल्या आणि कापायला लागल्या. "बेन दे," त्या म्हणाल्या. मीपण. मग माझ्या सुरीकडे बोट दाखवून जोरात नाही-नाही केलं, बोटं आत कशी वळवायची ते दाखवलं, आणि विचारलं, की बायको असताना तुम्ही कसे काय कापताय? निदान हातवाऱ्यांवरून मला तसं वाटलं.

"ओऽरेनियोरुम," मी म्हणालो. शिकतोय.

त्या मनापासून हसल्या. तेव्हा बायको बाहेर आली आणि तिने फोडणी दाखवली. मोहरी तडतडली तशा त्या दचकल्या. पोहे भिजवतोय, ढवळतोय, वाढतोय, खातोय. एकाच काळात आम्ही तासभर बोललो. भूतकाळ कुणी काढला नाही. शेवटी त्या खुर्चीत मागे टेकल्या, बायकोकडे बोट दाखवलं, पोह्यांकडे दाखवलं आणि म्हणाल्या, "गेलियोरुम."

येतेय.

"ने झामान?" मी विचारलं. कधी? बायकोने ओट्याखाली माझा पाय तुडवला.

रात्रीच्या जेवणाआधी मुलीचा फोन आला. रडत होती, तिच्याकडे कांदा नव्हता. "बाबा, त्या हो म्हणाल्या!"

"त्या येतेय म्हणाल्या. तिकीट काढलेलं नाही."

"तेच तर हो आहे, बाबा!"

हे धड्यात होतं, मी वाचून सोडून दिलं होतं: लवकरच करायचं ठरलेलं असेल, तरी हाच काळ चालतो. म्हणजे आबा इतकी वर्षं शुद्धच बोलत होते.

लगेच त्यांना फोन लावला. लग्नघर आहे, इंद्रायणी तांदूळ जास्त लागेल म्हटलं.

"निगालोय भाऊ," आबा म्हणाले. मागे म्हैस.

"या," मी म्हणालो. "चहा टाकतोय."

गॅस पेटवायचा होता अजून.