गुणाजीच्या पायावरचं अंडं

बोरिवलीच्या आमच्या चाळीत गुणाजी परबासारखा नट दुसरा झाला नाही, असं एकटा गुणाजी परबच म्हणत असे. गणपतीच्या सजीव देखाव्यात तो कुंभकर्ण झाला, तेव्हा खराखुरा झोपला आणि आरती संपली तरी उठेना. शेषनाग झाला, तेव्हा नेमक्या परीक्षकांच्या तोंडावर शिंकला. गोवर्धन पर्वत झाला, तेव्हा पर्वताच्या काखेत डास चावला. पुढचं विचारू नका, खाली उभा असलेला कृष्ण अजून लंगडतो.

चौऱ्याऐंशी साली मंडळाचे अध्यक्ष चंद्रप्रकाश यांनी जाहीर केलं, "आपली माणसं अंटार्क्टिकावर ठाण मांडून बसलीत. यंदा आपला देखावा, पेंग्विन!" सगळ्यांच्या माना एकदम गुणाजीकडे वळल्या. बुटका बांधा, माणसाआधी पोहोचणारं पोट, पाय फाकवून डुलत डुलत चालणं. देवाने फक्त रंगकाम बाकी ठेवलं होतं.

"पण गुण्या, यंदा हललास ना, तर पुढच्या वर्षीपासून चपला सांभाळायच्या. कायमच्या," अध्यक्षांनी दम भरला.

गुणाजीने दोन्ही कान पकडले. मरोळच्या कारखान्यात डब्यांना झाकणं बसवत तो वर्ष काढी, ते या दहा दिवसांच्या आशेवर.

देखाव्यासोबत टेपवर वाजणारी गोष्ट अशी होती. पेंग्विनची मादी अंडं घालून समुद्राकडे जाते. नर ते अंडं पायांवर घेतो, पोटाच्या घडीखाली झाकतो आणि दोनेक महिने उपाशी उभा राहतो. पुढे मादी पोटभर मासे घेऊन परतते.

"मासे?" चंद्रप्रकाश किंचाळले. "बाप्पासमोर?"

त्यामुळे टेपवरची मादी 'अन्न' घेऊन येऊ लागली. मादीचं काम गुणाजीच्या बायकोकडे, पद्मजाकडे आलं. अंडं म्हणजे चुना फासलेला नारळ.

परीक्षणाच्या संध्याकाळी सगळे पेंग्विन हजर, मादीचा पत्ता नाही. पद्मजा अंधेरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अडकली होती. भाद्रपदाचा उकाडा, डोक्यावर फोकसचे दिवे आणि गुणाजीच्या अंगावर काळं रेक्झिन, आत अख्ख्या गादीचा कापूस.

"पेंग्विनच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो," टेप सांगू लागली. "वरची पिसं कौलांसारखी एकावर एक बसलेली. त्यामुळे अंगातली ऊब बाहेर पडत नाही."

'नाय पडत,' आतून गुणाजीने मनातल्या मनात साक्ष दिली.

"कडाक्याच्या थंडीत पेंग्विन एकमेकांना खेटून उभे राहतात. कडेचे आळीपाळीने आत शिरतात."

बोरिवलीच्या पेंग्विनांचा कारभार उलटा. पंखा होता कडेला, तेव्हा आतला प्रत्येक जण कोपरं मारत बाहेर सरकू लागला. मधोमध उरला एकटा गुणाजी. तो आतल्या आत गाऱ्हाणं घालत होता, 'बा गणपती म्हाराजा, माका हलवू नको रे म्हाराजा!'

एवढ्यात परीक्षक शुभाताई आल्या. त्यांनी गुणाजीला चहूबाजूंनी न्याहाळलं, पेनाने पोटावर टकटक केलं.

"मूर्ती सुरेख आहे हो. पण स्पर्धा सजीव देखाव्याची ना? मुख्य पेंग्विनच पुतळा? मग गुण कापावे लागतील."

चंद्रप्रकाशांना घाम फुटला. "गुण्या, हल!" ते कुजबुजले.

गुणाजीने डाव ओळखला. परीक्षा बघतायत काय? तो ढिम्म.

"अरे, हल रे बाबा! पाया पडतो तुझ्या!"

अध्यक्षांनी गुदगुल्यासुद्धा करून पाहिल्या. त्या कापसात जिरल्या. शुभाताईंनी पेन उघडलं.

"आणि अखेर," टेप म्हणाली, "मादी परतते."

खांद्याला पर्स, ऑफिसची साडी, अशी पद्मजा धापा टाकत थर्माकोलच्या बर्फावर चढली. "अहो, सुपरवायझरने सोडलंच नाही. द्या ते अंडं."

गुणाजी हलेना.

"अहो, आता हलायचंच असतं!"

"अध्यक्षांना विचार," चोचीतून आवाज आला.

शुभाताई "अगंबाई!" करून ज्या उडाल्या, त्या थेट हिमनगावर. मंडपात हास्याचा धबधबा कोसळला. चंद्रप्रकाश हात जोडून ओरडले, "हल रे मेल्या, परवानगी आहे!"

"बर्फाला टेकलं, तर अंडं गोठतं," टेपने बजावलं. हशा थांबला. पद्मजाने चपला काढल्या, पावलं त्याच्या पावलांना भिडवली. नारळ डगमगला, तिच्या अंगठ्यावर आला, परत फिरला. बायकांनी तोंडाला पदर लावले. आणि तो अलगद तिच्या पायांवर जाऊन बसला. टाळ्या काय, शिट्ट्या काय! बायका तर फुगड्या घालायच्याच बाकी होत्या.

सुटलेला नर जे करतो, तेच गुणाजीने केलं. डुलत डुलत समुद्राकडे निघाला. गर्दीने वाट दिली. समुद्र होता चाळीच्या नळावर. त्याने तोटी सोडली आणि कापसासकट धारेखाली बसला.

चंद्रप्रकाश धावत आले. "गुण्या! ताईंनी सजीवतेचे पैकीच्या पैकी गुण दिले! म्हणाल्या, असा जिवंत पुतळा बघितला नाही!"

"ते राहू दे," पाण्यातून गुणाजी म्हणाला. "माझं हलणं धरलं काय?"

"हलला तो पेंग्विन. तू कुठे हललास?"

गुणाजीने चोच वर केली आणि आ वासून पाणी प्यायला.