जाड तारेचे सर

दर रविवारी दुपारी तीनला सर गळ्यात बेस गिटार अडकवून जिना उतरायचे आणि एकेक दार वाजवून सांगायचे, "आता सुरू करून राहिलो. हादरलं तर मीच हाय, पळू नका."

हसू नका. जमीन हादरणं म्हणजे काय, हे आम्हा लातूरकरांना समजावून सांगावं लागत नाही. आम्ही एकाच कोचिंग क्लासमध्ये शिकवायचो, मी केमिस्ट्री, ते फिजिक्स. राहायचोही एकाच इमारतीत. आवाज वाढवणारा नवा अ‍ॅम्प आणून त्यांनी पहिल्यांदा सगळ्यात जाड तार छेडली, तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि अख्खी इमारत रस्त्यावर आली. मी तर अंगाला साबण लावलेला, टॉवेलवर! तळमजल्यावरच्या काकू मात्र भिंतींपासून दूर, रस्त्याच्या पार मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. त्या किल्लारीच्या. भूकंपात नवरा आणि दोन्ही लेकरं गेलेली.

सर त्यांच्या पाया पडले. "काकू, तुम्ही म्हणाल तर आजच इकून टाकतो."

काकूंनी त्यांना उठवलं. "वाजीव बाबा. पन आधी सांगत जा. तवा कुनी सांगितलं न्हवतं."

त्यानंतर सांगायला ते एकदाही चुकले नाहीत.

त्यांचं संगीत मेटल, म्हणजे कान फाडणारं रॉक, पण गायक नाही, शब्द नाहीत. ड्रमवाला आणि गिटारवाला नांदेडहून एसटीने यायचे; म्होरके हे. ताल असा, की मी ठेका धरायला गेलो की हमखास चुकायचो. "गाणार कोण, सर?" मी चिडवायचो.

"कशाला पायजे? आठवडाभर बोलूनच राहिलो की."

मग क्लासच्या मालकांनी रविवारीही टेस्ट लावल्या. "रविवार पाहिजे की नोकरी?" त्यांनी विचारलं. सरांनी खडू टेबलावर ठेवला आणि ते घरी आले. हा शुद्ध वेडेपणा आहे, असं मी तोंडावर सांगितलं. मनातून हेवा वाटला, तेही आज सांगून टाकतो. घरी शिकवण्या घेत त्यांनी तिघांचा अल्बम तडीस नेला, आणि बिऱ्हाड हैदराबादला हलवलं.

परवा तो अल्बम मोबाईलवर आला. मी काकूंकडे घेऊन गेलो. त्यांनी फोन कानाला लावला, मग फरशीवर ठेवला आणि शेजारी तळवा टेकून बसल्या.

"ह्यात त्यो न्हाई," त्या म्हणाल्या.

खरंच नव्हता. त्या इवल्याशा फोनमधून गिटार येत होती, ड्रम येत होते, जाड तार तेवढी येत नव्हती. तरी शेवटपर्यंत काकूंनी फरशीवरचा हात उचलला नाही.