दुसऱ्याच्या हाकेला ओ

माझं उभं आयुष्य आवाजाच्या धंद्यात गेलं. जत्रेच्या मैदानात कनाती लावून आम्ही खेळ करायचो आणि शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायचो. मी राजे झालो, राक्षस झालो, एकदा ऐन वेळी राणीसुद्धा झालो. तरी आवाज म्हणजे काय असं मला कुणी विचारलं, तर मी आमच्या एकाही नटाचं नाव घेणार नाही. मी चंद्रप्पाचं नाव घेईन. तो आमच्या कंपनीत रंगमंचाच्या फळ्या ठोकायचा.

खेळ ऐन रंगात आला की त्या काळात वीज हमखास जायची. अंधार झाला की गर्दी उठायची, ढकलाढकली व्हायची, बायकांच्या बाजूला रडारड सुरू व्हायची. मग चंद्रप्पा हातातला हातोडा खाली ठेवून फळ्यांच्या कडेला येई आणि म्हणे, "बसा. खाली बसा सगळे." ओरडणं नव्हतंच ते. विहिरीत टाकलेला दोर सरसर खाली जावा तसा तो आवाज मैदानाच्या पार टोकापर्यंत उतरायचा आणि माणसं बसायची. मी पुठ्ठ्याचं चिलखत घालून विंगेत उभा असायचो. मनात म्हणायचो, खरा राजा हा, आपण नुसते कपडे.

त्याचं गाव किल्लारीच्या बाजूचं. कंपनी मोडली तसा तो गावी गेला आणि मी उदगीरला पुतण्याकडे राहिलो. त्र्याण्णव साली, गणपती बुडवून लोक दमून झोपले होते, तेव्हा भूकंप झाला. चंद्रप्पा शेतात जागलीला होता म्हणून वाचला. घरात धाकटा भाऊ धोंडप्पा होता. त्या भागातल्या भिंती दगडमातीच्या, हातभर जाड. उन्हाळ्यात गार राहायच्या म्हणून लोक त्यांचं कौतुक करायचे.

पुढं काय झालं ते त्यानं मला पत्र्याच्या शेडमध्ये बसून एकदाच सांगितलं. ढिगाऱ्यावर गलका फार, कुणी खणतंय, कुणी रडतंय. अशात खालचं काही ऐकू येत नाही. म्हणून चंद्रप्पानं हात वर केला आणि म्हणाला, "सगळे गप." सगळे गप झाले. त्यानं हाक मारली, "धोंडूऽ" आणि दगडाला कान लावला. खालून ओ आली. "हाव." बारीक, पण चटकन आली. जिथून आली तिथं लोकांनी दिवसभर खणलं. संध्याकाळी माणूस जिवंत निघालं. ती शेजारची कमलम्मा होती. धोंडप्पा भिंतीच्या पलीकडे सापडला, दुसऱ्या दिवशी. त्याचं अंग अजून पुरतं गार पडलं नव्हतं असं चंद्रप्पा म्हणाला, आणि तिथंच थांबला.

कमलम्माची काय चूक? दगडाखाली गाडलेल्या माणसाला वरून कुठल्याही नावानं हाक आली तरी ती आपलीच वाटणार. हे चंद्रप्पाला कळत होतं. तिचं घरचं कुणी उरलं नव्हतं. पुढं जळकोटच्या बाजूला एका संस्थेनं उघडा माळ घेतला आणि चंद्रप्पाला मुकादम नेमलं, तेव्हा स्वयंपाकाला त्यानं हिलाच आणलं. दोघं पोरांच्या जेवणाबद्दल बोलायचे, सरपणाबद्दल बोलायचे. त्या एका गोष्टीबद्दल मात्र कधीच नाही.

तो माळ म्हणजे पोरांसाठी काढलेलं बारमाही काम होतं. पावसाळ्यात रोपं लावायची, थंडीत गवत कापायचं आणि बिया गोळा करायच्या, उन्हाळ्यात पाणी मुरायला चर खणायचे आणि आगीपासून राखण करायची. पोरंही तशीच, कुठं न रुजलेली. कुणी शाळा सोडलेला, कुणी मारामारीत सापडलेला, कुणी लग्न लावतील म्हणून हिमायतनगरहून पळून आलेली करिश्मा. आणि अलीकडे लातूरच्या क्लासमधून उडालेली. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास, वर होस्टेल, खाली मेस. डॉक्टर होण्यासाठी आलेल्या पोरांतली काही रात्रीच बॅग उचलून नाहीशी व्हायची. त्यांतली एखाददुसरी संस्थेच्या देविकाताईंच्या हाती लागायची आणि माळावर यायची.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात देविकाताईंनी मला पोरांचं नाटक बसवायला बोलावलं. मला पाहताच चंद्रप्पा म्हणाला, "या राजे. दात कुठं ठिवले?"

"नाटकाच्या पेटीत," मी म्हणालो.

"अन् पोट तेवढं संगं आणलं."

पहिल्याच संध्याकाळी मी हजेरी पाहिली. कागद नाही, काही नाही. दिवस मावळताना तो टेकाडावर उभा राहून हात वर करी. सगळे गप. मग एकेक नाव. माळावर जो जिथं असेल तिथून त्यानं "हाव" म्हणायचं आणि मग खाली यायचं. नियम एकच होता. ज्याचं नाव त्यानंच ओ द्यायची. दुसऱ्याच्या हाकेला ओ दिली, तर त्याच दिवशी घरी. का, ते पोरांना कुणी सांगितलं नव्हतं. भाकरी थापणारी कमलम्मा हजेरीच्या वेळी चुलीकडे तोंड करून बसायची, हे मात्र मी पाहिलं.

पोरांत बबलू नावाचा वल्ली होता. धर्माबादकडचा. लातुरात एका होस्टेलच्या मेसमध्ये ताटं धुवायचा. रात्रीच्या अभ्यासिकेत हजेरी व्हायची आणि पोरं सिनेमाला गेलेली असायची, तेव्हा हा इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या बाकावर बसायचा आणि पाच जणांच्या आवाजात "येस सर" म्हणायचा. नावामागं एक वडापाव.

"सर वळकायचे न्हाईत?" करिश्मानं विचारलं.

"सरला तोंडं कुठं माहीत? तीनशे पोरं. माझा तर सत्कारच राहिला. एकाच टायमाला पाच जण डॉक्टर हून राहिले होते माझ्यात."

"अन् ताटं कोण धुवायलं होतं?"

"सहावा."

मला तर तो फार आवडला. माझ्या नाटकात मी त्याला तीन भूमिका दिल्या.

दुसरा अनिमेष. नांदेडचा, वडील कॉलेजात शिकवायचे. दोनदा परीक्षा दिली, दोनदा राहिली. अंगानं किडकिडीत, वागायला सभ्य. टिकाव धरताना हाताला फोड आला तर फोडालाच सॉरी म्हणेल असा. त्याच्यात उदास असं काही दिसत नव्हतं, आणि तेच मला बरं वाटेना. रंगमंचावर आम्ही म्हणतो की नट हजर आहे पण पात्र गेलंय. तसं होतं ते. काम संपलं की तो चरात उतरून पडून राहायचा. चर कमरेइतके खोल. वरून पाहणाऱ्याला दिसायचा नाही. दोनदा हजेरीला त्याची ओ आलीच नाही आणि पोरांना पळापळ करावी लागली. देविकाताईंनी बजावलं, आता पुन्हा झालं तर वडिलांना बोलावीन. वडील येणार म्हणजे त्याला घेऊन सरळ लातूर, क्लासची तिसरी खेप. अनिमेषनं ते ऐकून मान हलवली, जसं कुणी दुसऱ्याबद्दलच बोलतंय. बबलू मात्र त्या दिवशी जेवला नाही.

मे महिन्यात वारा संध्याकाळी उठतो. त्या दिवशी सकाळपासूनच घार फिरत होती आणि गवत हात लावला तरी मोडत होतं. माळाच्या मध्यावर आडवी जाळरेषा होती, म्हणजे गवत खरवडून मोकळी ठेवलेली पट्टी. तिच्या वर पाच वर्षांत जगवलेली रोपं, आपटा, बेहडा, सीताफळ. तिच्या खाली नुसतं गवत आणि त्या आठवड्यात खणलेले चर. दिवस कलताना खालच्या सडकेकडून धूर निघाला. कुणीतरी विडी टाकली असेल. धुराची रेघ आधी उभी होती, मग वाऱ्यानं ती आमच्याकडे वाकली.

चंद्रप्पानं सगळ्यांना जाळरेषेवर बोलावलं. उपाय ठरलेला होता. पट्टी अरुंद, वारा जोराचा, आग उडी मारणार. म्हणून आपणच पट्टीवरून खालच्या गवताला आग लावायची. दोन्ही आगी मध्ये भेटतात आणि खायला काही न उरल्यानं विझतात. मात्र पट्टीच्या खाली माणूस असता कामा नये. म्हणून आधी हजेरी.

कमलम्मा डोक्यावर घागर घेऊन वर आली होती. धुरात तोंडं नीट दिसत नव्हती. चंद्रप्पानं हात वर केला. खाली गवत तडतडत होतं, तेवढंच. एकेक नाव, एकेक ओ.

"अनिमेष."

"हाव."

तोच मऊ, नाकातला, शहरी आवाज. मलाही तो त्याचाच वाटला, आणि मी आवाजावर आयुष्य काढलेला माणूस. चंद्रप्पानं मान डोलावली. नावं संपली. त्यानं टेंभा पेटवला आणि गवताकडे वाकला.

"ब्याडा, अण्णा."

नको, दादा. कमलम्मा कानडीत बोलली होती. तिनं घागर खाली ठेवली.

"ती ओ त्याची न्हाई."

"कशावरून?" चंद्रप्पा वाकलेलाच होता.

"लई घाईनं आली. ज्याचं नाव आसतंय ना, त्यो दमानं ओ देतो. दुसऱ्याचं नाव घेतल्यालं माणूस घाई करतंय. हाकेला कळंल ह्यो त्यो न्हवं, अन् ती माघारी जाईल, आसं भ्या वाटतंय." तिनं सरळ चंद्रप्पाकडे पाहिलं. "मला ठावं हाय."

ती दोघं एकमेकांकडे पाहत होती, आणि तेवीस वर्षं त्यांनी तसं पाहिलं नव्हतं. मग चंद्रप्पानं टेंभा मातीत दाबून विझवला.

"कुणाची ओ होती?"

बबलू पुढं आला. तोंड पांढरं पडलेलं. "काका, मला वाटलं रोडला गेला आसंल, रेंज बघायला. येईलच आता. त्याच्या बापाला बोलवतील म्हणून मी…"

चंद्रप्पा खालच्या उताराकडे वळला. "सगळे गप." आणि हाक मारली. त्या हाकेनं पूर्वी जत्रा बसायची. ती धुरातून खाली गेली आणि काहीच परत आलं नाही. त्यानं पुन्हा मारली. वारा, तडतड, कुठंतरी तित्तिरांचा फडफडाट. मग तो ओलं पोतं अंगावर घेऊन पट्टी ओलांडून उतरला. त्याच्या मागं बबलू.

आम्ही निंबाचे डहाळे घेऊन पट्टीवर आग झोडपत राहिलो. करिश्मा रडत होती आणि झोडपत होती. आग आली, क्षणभर पट्टीशी थबकली आणि आमच्या डोक्यावरून वर गेली. पाच वर्षांची रोपं. हिरवं लाकूड जळताना शिट्टीसारखा आवाज येतो, तो मला अजून ऐकू येतो.

ते तिघं बाजूच्या खडकावरून वर आले, जिथं जळायला गवत नव्हतं. मध्ये अनिमेष, दोन्हीकडून धरलेला. चंद्रप्पाच्या भुवया जळाल्या होत्या. पोराला काही लागलं नव्हतं. शेवटच्या चरात तो उताणा पडलेला सापडला होता, आभाळाकडे बघत.

कमलम्मानं त्याचं तोंड पुसलं. चंद्रप्पा समोर उकिडवा बसला.

"झोप लागली व्हती का, बाळा?"

"नाही."

"मंग हाक ऐकू आली न्हाई?"

"आली." तो सभ्यपणानं सांगत होता, जसं कुणी पत्ता विचारलाय. "माझ्या नावाला कुणीतरी ओ दिली. म्हटलं, झालं की."

बबलूला कशावरही हसायची सवय. तो हसायला गेला आणि मध्येच थांबला.

"त्याच्यानंतर म्या दोनदा मारली."

"त्याही ऐकल्या, काका."

वर माळ जळत होता आणि त्याचा तांबडा उजेड सगळ्यांच्या तोंडावर हलत होता. इतकी वर्षं चंद्रप्पाला एकच भीती होती, की हाक मारावी आणि ऐकायला खाली कुणी नसावं. असंही होऊ शकतं, हे त्याच्या मनात कधी आलं नसावं.

सकाळी देविकाताई आल्या. माळ काळा पडला होता, बुंध्यांतून अजून धूर निघत होता. त्यांनी अनिमेषला जवळ बसवून घेतलं, वडिलांना फोन केला, पण क्लासचं नाव काढायचं नाही असं आधी बजावून. नांदेडच्या एका मनाच्या डॉक्टरीण बाईंशी त्याचं बोलणं ठरवलं. मग म्हणाल्या, "नियमानं बबलूला आज जावं लागेल."

"घालवा," चंद्रप्पा म्हणाला. "पण त्याला घालवायचं तर कमलम्मालाबी घालवावं लागंल."

देविकाताईंना काही कळलं नाही. चुलीपाशी कमलम्माचा भाकरीवरचा हात थांबला. मग पुन्हा थापण्याचा आवाज सुरू झाला. बबलू राहिला.

नाटक झालं नाही. कुणाला उत्साह नव्हता, मीही विषय काढला नाही. दुसऱ्या संध्याकाळी मी हजेरीची वाट पाहत बसलो. दिवस मावळला. चंद्रप्पा टेकाडावर चढला नाही, त्यानं हात वर केला नाही. तो वाटेच्या कडेला दगडावर बसला, हात पुढं करून. पोरांनी एकेक करून यायचं, त्याच्या तळहातावर आपला तळहात ठेवायचा आणि जेवायला जायचं. त्यानंतर त्या माळावर त्यानं कधी हाक मारली नाही. एवढा आवाज, आणि माणूस गप.

राखेनं काळे झालेले हात येत होते, जात होते. बबलू आला, एक हात ठेवून गेला. करिश्मा गेली. शेवटी अनिमेष आला. त्यानं हात ठेवला, आणि सगळ्यांसारखा काढून घ्यायला गेला.

चंद्रप्पानं तो सोडला नाही. बाजूला सरकून दगडावर जागा केली. पोरगा बसला. अंधार पडला, कमलम्मानं दोनदा जेवायला बोलावलं. दोघंही जागचे हलले नाहीत. काळ्या माळावरून वारा आला, त्याला जळक्याचा वास होता. चंद्रप्पा पोराच्या मनगटावर बोटं ठेवून बसला होता, पूर्वी ढिगाऱ्यावर दगडाला कान लावला होता, अगदी तसा.